डायलिसिस, लोह आणि यकृत: रुग्णांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिसच्या फाइलीत लोहाचे रिपोर्ट एका पानावर आणि काविळीच्या तपासण्या दुसऱ्या पानावर असतात. ते एकत्र वाचायला सहसा कुणाला फुरसत नसते. पण जास्तीचं लोह साठतं यकृतात आणि हिपॅटायटिसचे विषाणूही तिथंच घर करतात, म्हणून इथे दोन्हींचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. हे वाचून कुठलंही इंजेक्शन स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते मात्र ठरवता येईल.

किडनी खराब झाली तर हिमोग्लोबिन का उतरतं? लोहाची इंजेक्शनं कशाला?

रक्तपेशी तयार करायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीत बनतं. किडनी थकली की ते कमी पडतं. १९८९ साली हे संप्रेरक अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी डायलिसिसच्या रुग्णांना रक्त चढवत राहण्याशिवाय फारसा पर्याय नव्हता. आज सेंटरमध्ये सिस्टर ज्याला ‘इपो’ म्हणतात, ते हेच.

पण नुसतं इपो देऊन भागत नाही, रक्तपेशी बनवायला लोह लागतं. डायलिसिसमध्ये प्रत्येक वेळी थोडं रक्त फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहून जातं, त्यात तपासणीसाठी काढलेल्या रक्ताची भर पडते. वर्षाकाठी साधारण १ ते २ ग्रॅम, काहींच्या बाबतीत ३ ग्रॅमपर्यंत लोह असं निघून जातं. शिवाय किडनीच्या आजारात हेप्सिडिन नावाचं यकृतात बनणारं संप्रेरक वाढतं. ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातलं लोह बाहेर येऊ देत नाही. त्यामुळे गोळ्यांचा उपयोग कमी होतो आणि शिरेतून लोह द्यावं लागतं.

मग लोह जास्त कसं होतं?

हिशेब करून पाहा. निरोगी माणसाच्या अंगात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं आणि रोज जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर पडतं. जास्तीचं लोह टाकून देण्याची शरीरात सोयच नाही. टाकीत पाणी भरायला नळ आहे, पण सोडायला तोटी नाही.

आता जमेची बाजू. आयर्न सुक्रोजच्या एका कुपीत १०० मिलिग्रॅम लोह असतं. दर आठवड्याला एक कुपी वर्षभर चालू राहिली तर ५ ग्रॅमहून जास्त झालं. रक्ताच्या एका पिशवीतून आणखी २०० ते २५० मिलिग्रॅम येतं. खर्चाची बाजू १ ते ३ ग्रॅम. ‘हिमोग्लोबिन कमी आहे, लोह चालू ठेवा’ एवढंच वर्षानुवर्षं फाइलीत लिहिलं जात असेल, तर साठा वाढणारच.

भारतात पैशांमुळे किंवा अंतरामुळे अनेक जण आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा डायलिसिस करतात. त्यांचं रक्त त्या मानाने कमी वाया जातं. परदेशातलं तीन वेळांचं वेळापत्रक गृहीत धरून ठरलेला लोहाचा डोस त्यांना जसाच्या तसा लावण्याआधी थोडं थांबावं, असं मला वाटतं.

बाबांचं फेरिटिन ११०० आलंय. लोह जास्त झालं का?

एकट्या फेरिटिनवरून सांगता येणार नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन. साठा वाढला की ते वाढतं, हे खरं. पण शरीरात कुठेही दाह किंवा संसर्ग असला तरी ते वाढतं. डायलिसिससाठी शिरेत घातलेल्या नळीला, म्हणजे कॅथेटरला जंतुसंसर्ग, पायाची न भरणारी मधुमेहाची जखम, हिरड्यांमधला पू, क्षयरोग, यकृताला आलेली सूज, यांपैकी काहीही असलं तरी फेरिटिन हजाराच्या वर जाऊ शकतं, आणि त्याच वेळी रक्तपेशी बनवायला लोह अपुरंच पडत असतं. लोह कोठारात कुलूपबंद आहे, पण कामावर पोचत नाही.

म्हणून सोबत टीसॅट, म्हणजे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, पाहायचं. रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या किती टक्के जागा भरल्या आहेत, ते यावरून कळतं. फेरिटिन ११०० आणि टीसॅट १५ टक्के असेल, तर आधी दाह किंवा संसर्ग शोधायचा. फेरिटिन ११०० आणि टीसॅट ५० टक्के असेल, तर साठा खरोखर वाढल्याची शंका घ्यायची आणि गेल्या वर्षभरात किती कुप्या आणि किती पिशव्या गेल्या, ते मोजायचं. सोबत सीआरपी ही दाहाची तपासणी करून घेतली, तर चित्र आणखी साफ होतं.

एक बारीक गोष्ट. लोहाचं इंजेक्शन दिल्यावर दोन दिवसांत रक्त तपासायला पाठवलं तर आकडे फुगलेले येतात. शेवटच्या इंजेक्शननंतर निदान एक आठवडा जाऊ द्यावा आणि नमुना डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावा.

किती फेरिटिनला इंजेक्शन थांबवायचं? प्रत्येक डॉक्टर वेगळा आकडा सांगतात.

कारण जगातही एकमत नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीसॅट ३० टक्के किंवा कमी आणि फेरिटिन ५०० किंवा कमी असेल, तर लोह देऊन पाहावं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्राइव्ह या अमेरिकन चाचणीत फेरिटिन ५०० ते १२०० पण टीसॅट २५ टक्क्यांच्या आत असलेल्या रुग्णांना लोह दिलं, तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. त्या चाचणीचा बराच बोलबाला झाला, पण ती सहा आठवड्यांची होती. तेवढ्यात यकृताचं काय होतं, हे कळणं शक्य नव्हतं. जपानमध्ये परंपरेने यापेक्षा खूप कमी फेरिटिनवर काम चालतं.

सगळ्यात वजनदार पुरावा आहे ब्रिटनमधल्या पिव्होटल चाचणीचा. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात डायलिसिसचे २१४१ रुग्ण होते. एका गटाला फेरिटिन ७०० किंवा टीसॅट ४० टक्के ओलांडेपर्यंत दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह, दुसऱ्या गटाला फक्त कमतरता दिसली तर. पहिल्या गटात मृत्यू आणि हृदयाच्या गंभीर घटना कमी झाल्या, रक्त कमी चढवावं लागलं, इपो कमी लागलं आणि संसर्गाचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे लोहाला घाबरून ते बंदच करणं हाही शहाणपणा नाही. पण त्या चाचणीत थांबण्याची रेषा आधीच आखलेली होती, हे विसरू नका. ‘पिव्होटलमध्ये भरपूर लोह दिलं होतं’ असं म्हणणाऱ्याला विचारा, तुमच्या सेंटरमध्ये ७००ला कुणी थांबतं का?

यकृतातलं लोह थेट मोजता येतं का?

येतं, एमआरआयने. पूर्वी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागे, आता त्याची गरज सहसा पडत नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात डायलिसिसच्या ११९ रुग्णांचा असा एमआरआय केला. ८४ टक्के जणांच्या यकृतात लोह प्रमाणाबाहेर होतं, ३६ टक्क्यांत तीव्र प्रमाणात. हे रुग्ण रक्त चढवण्याच्या जुन्या जमान्यातले नव्हते, इपो आणि शिरेतून लोह घेणारे होते. तेव्हापासून हा वाद पुन्हा तापला.

अनेकांना भीती असते ती गॅडोलिनियम या रंगद्रव्याची, कारण किडनीच्या रुग्णांना त्याच्या काही प्रकारांनी त्वचेचा गंभीर विकार होऊ शकतो. लोह मोजायच्या एमआरआयला ते इंजेक्शन लागतच नाही. मात्र ही तपासणी सगळीकडे होत नाही. फक्त ‘यकृताचा एमआरआय’ लिहून चालत नाही, लोहाचं प्रमाण मोजायचं आहे असं चिठ्ठीवर स्पष्ट हवं. सोनोग्राफीत यकृतातलं लोह दिसत नाही.

जास्त लोहाने यकृत खराब होतं का?

थॅलेसेमियात किंवा जन्मजात हिमोक्रोमॅटोसिसमध्ये (शरीर गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं, तो आजार) होतं, हे निर्विवाद आहे. तिथे लोह यकृताच्या मुख्य पेशींत शिरतं आणि फायब्रोसिस (यकृतात व्रण पडणं), पुढे सिरोसिस (यकृत आकसून कडक होणं) होतो. डायलिसिसच्या रुग्णात लोहाचा बराच भाग आधी यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशींत साठतो आणि तिथे तो तुलनेने कमी त्रास देतो. त्यामुळे नुसत्या लोहाने डायलिसिसवर सिरोसिस होतो का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र यकृतावर आधीच दुसरा भार असेल, म्हणजे हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी, तर लोह त्या आगीत तेल ओततं.

लक्षणांची वाट पाहू नका. थकवा हे एकच लक्षण असेल, तर डायलिसिसवर थकवा कुणाला नसतो?

डायलिसिसमध्ये जास्तीचं लोह धुऊन निघत नाही का?

नाही. लोह प्रथिनांना घट्ट बांधलेलं असतं आणि ती प्रथिनं फिल्टरच्या छिद्रांतून जात नाहीत.

मग उतरवायचं कसं?

पहिली पायरी साधी आहे: लोहाचं इंजेक्शन थांबवायचं, रक्त चढवणं टाळायचं आणि इपो चालू ठेवायचं. इपोमुळे साठ्यातलं लोह रक्तपेशींत जातं आणि प्रत्येक डायलिसिसला थोडं थोडं निघून जातं. काही महिन्यांत यकृतातलं लोह उतरल्याचं एमआरआयवर दिसतं.

लोह बांधून बाहेर काढणारी औषधं आहेत, पण थॅलेसेमियाच्या मुलांना चालणारं औषध डायलिसिसला चालेलच असं नाही. डिफेरासिरॉक्स गंभीर किडनी विकारात देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. डिफेरॉक्सामिनचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. १९८०च्या दशकात ते डायलिसिसच्या रुग्णांना अॅल्युमिनियम आणि लोह काढण्यासाठी सर्रास दिलं जाई. मग त्यांच्यात म्युकरमायकोसिसचे जीवघेणे रुग्ण दिसू लागले. शोध घेतल्यावर कळलं, की रायझोपस ही बुरशी त्या औषधाला चिकटलेलं लोह चक्क स्वतःच्या पोषणासाठी वापरते. २०२१च्या कोविड लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून महाराष्ट्रात घराघरात पोचलेला आजार तो हाच.

ताप असताना लोहाचं इंजेक्शन घ्यावं का?

नाही. अंगात सक्रिय जंतुसंसर्ग असताना शिरेतून लोह देऊ नये, यावर मार्गदर्शक सूचनांचं एकमत आहे. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. थंडी वाजत असेल, कॅथेटरच्या जागेतून पू येत असेल, तर सुई टोचण्याआधी सिस्टरना सांगा. ‘आज ठरलेला डोस आहे’ हे कारण पुरेसं नाही.

लोहाचा साठा खूप वाढलेल्या माणसाला येर्सिनियासारख्या काही जंतूंचा धोका जास्त असतो. हे जंतू अन्नातून येतात आणि यकृतात गळूही करू शकतात. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा खाऱ्या आणि निमखाऱ्या पाण्यातला जंतू यकृत बिघडलेल्या किंवा लोह वाढलेल्या माणसात काही तासांत उग्र रूप घेतो. कोकण-गोव्याच्या वाचकांसाठी म्हणून मुद्दाम: कालवं, तिसऱ्या, शिंपले पूर्ण शिजलेलेच खा, आणि हातापायाला जखम असताना खाडीच्या पाण्यात उतरू नका. ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं एकत्र आलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. आपल्याकडे अमीबामुळे होणारं यकृताचं गळूही काही दुर्मीळ नाही.

पालक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोहभस्म द्यावं का?

देऊ नका. हेप्सिडिनमुळे त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही, मात्र खजूर, गूळ, पालक आणि बीट यांतलं पोटॅशियम आणि शेंगदाण्यातलं फॉस्फरस नक्की लागतं. पोटॅशियम वाढून हृदय थांबणं ही डायलिसिसवरची खरी भीती आहे. भस्मांबद्दल किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको. लोखंडी तव्यावरची भाकरी मात्र बिनधास्त खा, तिने काही बिघडत नाही.

हिपॅटायटिस मशिनमुळे पसरतो ना?

सगळ्यांना असंच वाटतं, पण मुख्य दोषी मशिन नाही, हात आहेत. एका रुग्णाला हात लावून हातमोजे न बदलता दुसऱ्याकडे जाणं, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच मोठी कुपी अनेकांना वापरणं, औषधांची ट्रॉली एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरवणं, खुर्चीवर सांडलेलं रक्त नीट न पुसणं. हिपॅटायटिस सीच्या उद्रेकांच्या चौकशीत याच गोष्टी पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहतो.

त्यामुळे सेंटर निवडताना मशिन कुठल्या कंपनीचं आहे, ते विचारण्यात वेळ घालवू नका. अर्धा तास बसा आणि पाहा. टेक्निशियन दोन रुग्णांच्या मध्ये हातमोजे बदलतो का? इंजेक्शनं वेगळ्या स्वच्छ जागी भरतात की रुग्णाच्या उशाशी? शिफ्ट बदलताना खुर्ची आणि मशिनचा पृष्ठभाग ब्लीचने पुसतात, की पुढचा रुग्ण लगेच बसवतात? एकाच टेक्निशियनवर फार रुग्ण टाकले असतील तर यातलं काहीच होणार नाही, त्याची इच्छा असली तरी.

हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णाला वेगळं मशिन आणि वेगळी खोली का? सी असेल तर?

बीचा विषाणू रक्तात प्रचंड संख्येने असतो आणि बाहेर टिकतो. १९६९-७० मध्ये एडिंबरा इथल्या डायलिसिस विभागात त्याचा उद्रेक झाला, त्यात रुग्ण आणि कर्मचारी दोघेही दगावले. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९७२ साली रोझेनहाइम अहवाल आला. बी पॉझिटिव्ह रुग्णाची खोली, मशिन आणि कर्मचारी वेगळे ठेवायचे आणि त्याचा फिल्टर पुन्हा वापरायचा नाही, ही शिस्त आज जगभर मानली जाते.

सीसाठी वेगळं मशिन आंतरराष्ट्रीय सूचनांत सांगितलेलं नाही, काटेकोर स्वच्छता पुरते. आपल्याकडे बरीच सेंटर्स तरीही वेगळं मशिन ठेवतात. त्याला हरकत नाही, पण वेगळं मशिन ठेवून हातमोजे तेच वापरले तर साधलं काय?

एसजीपीटी नॉर्मल आहे. मग ऑस्ट्रेलिया अँटिजेन (हिपॅटायटिस बीची तपासणी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सीची) पुन्हा पुन्हा कशाला?

कारण एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, डायलिसिसच्या रुग्णात मुळातच कमी असतं. लॅबच्या कागदावर ४० ही मर्यादा छापलेली असली, तरी नेहमी १२ असणाऱ्याचं ३२ झालं तर ती वाढच आहे. हिपॅटायटिस सी होऊनही एसजीपीटी मर्यादेच्या आत राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

एचसीव्हीची तपासणी डायलिसिस सुरू करताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी व्हावी, बीची लसीने संरक्षण न मिळालेल्यांत त्याहून वारंवार. एचसीव्हीची अँटिबॉडी संसर्गानंतर बनायला काही आठवडे लागतात. शंका असेल तर विषाणूचा आरएनए थेट शोधणारी पीसीआर तपासणी करायला सांगा.

लस घेतली, तरी अँटिबॉडी बनली नाही असं सांगितलं.

नेहमीचं आहे. डायलिसिसवर प्रतिकारशक्ती मंदावते, म्हणून बीच्या लसीचा डोस दुप्पट असतो: ४० मायक्रोग्रॅम, नेहमीच्या वेळापत्रकात ०, १, २ आणि ६ महिन्यांनी, दंडात. कमरेवर घेतलेली लस कमी लागू पडते. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे बीविरुद्धची अँटिबॉडी, तपासायचं. १०च्या खाली असेल तर पुन्हा पूर्ण कोर्स, १० किंवा वर असेल तर दरवर्षी तपासणी आणि १०च्या खाली उतरलं की बूस्टर. किडनीचा आजार कळल्याबरोबर, डायलिसिस लागण्याआधीच लस घेतली तर ती जास्त चांगली लागू पडते. क्रिअॅटिनिन ३-४ असताना डॉक्टरांनी लसीचं नाव काढलं नसेल, तर तुम्ही काढा.

लस घेतल्यावर तीन-चार आठवडे ऑस्ट्रेलिया अँटिजेनची तपासणी करू नका. लसीतलाच अँटिजेन सापडून रिपोर्ट तात्पुरता पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि चांगल्या माणसाला उगाच बीच्या मशिनवर बसवलं जाऊ शकतं. तो धोका खरोखरचा आहे.

हिपॅटायटिस सी निघाला. आता?

घाबरू नका, हा आता बरा होणारा आजार आहे. सोफोसबुविर आणि वेल्पाटास्विर यांची एकत्र गोळी रोज एक, १२ आठवडे. पूर्वी सोफोसबुविर डायलिसिसला देत नसत, २०१९ पासून अमेरिकेच्या औषध नियामकाने ती अट काढली आहे. बरं होण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

गोळी सुरू करण्याआधी तीन गोष्टी. बीचीही तपासणी हवी, कारण सीचा उपचार सुरू झाल्यावर दबलेला बी डोकं वर काढू शकतो. अॅसिडिटीच्या गोळ्या, विशेषतः पँटोप्रॅझोलसारख्या, वेल्पाटास्विरचं शोषण कमी करतात. त्या जवळजवळ प्रत्येक डायलिसिस रुग्णाच्या डब्यात असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवा. आणि हृदयाचे ठोके आवरणारं अमिओडारोन चालू असेल तर आधी सांगा.

बरं झाल्यावरही अँटिबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्हच राहतो. आरएनए निगेटिव्ह असल्याचा कागद जपून ठेवा. त्या अँटिबॉडीमुळे पुन्हा संसर्ग होण्यापासून संरक्षण मात्र मिळत नाही.

लोहाशी याचा थेट संबंध आहे. सीचा विषाणू यकृतातलं हेप्सिडिन कमी करतो, त्यामुळे लोह जास्त शोषलं जातं आणि यकृतात साठतं. काही अभ्यासांत डायलिसिसवरच्या सी पॉझिटिव्ह रुग्णांचं हिमोग्लोबिन इतरांपेक्षा चांगलं आणि इपोची गरज कमी दिसली. कुणाचं हिमोग्लोबिन काहीच न करता वाढलं, तर आनंद व्हायच्या आधी एचसीव्ही बघा. संसर्ग असेपर्यंत लोह हात राखूनच द्यावं.

बी निघाला तर?

एंटेकाविर किंवा टेनोफोविर अलाफेनामाइडसारखी औषधं विषाणूला दाबून ठेवतात, पण बहुतेकांना ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. एंटेकाविरचा डोस डायलिसिसवर बदलतो आणि डायलिसिसच्या दिवशी ते डायलिसिस झाल्यावर घ्यायचं. स्वतःच्या मनाने बंद केलं तर विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लसीकरण करून घ्या.

हिमोग्लोबिन ६ आहे, रक्त चढवू का?

धाप, छातीत दुखणं किंवा मोठा रक्तस्राव असेल तर डॉक्टर चढवतीलच, तिथे नाही म्हणू नका. पण इपो महाग म्हणून महिन्याला दोन पिशव्या, हा मार्ग स्वस्त दिसतो एवढंच. लोह साठतं. रक्तपेढीत तपासणी होत असली, तरी नुकत्याच संसर्ग झालेल्या दात्याचं रक्त सुटून जायची थोडी शक्यता राहते. आणि किडनी प्रत्यारोपणाची आशा असेल, तर परक्या रक्तामुळे तयार होणाऱ्या अँटिबॉडीज पुढे जुळणारा दाता मिळणं अवघड करतात.

कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं तर?

नाकात रस, डोळ्यांत थेंब, हातावर चुना: कावीळ ‘उतरते’ ती बहुधा ए किंवा ई प्रकारची, जी पुष्कळदा आपली आपणच बरी होते. २०१२ मध्ये इचलकरंजीत पाण्यातून पसरलेली हिपॅटायटिस ईची साथ कोल्हापूरकरांना आठवत असेल. बी आणि सी असे जात नाहीत, आणि न कळणाऱ्या काढ्यांनी उरलेलं यकृतही जाऊ शकतं.

गणपतीला गावी जायचंय. तिकडच्या सेंटरवर डायलिसिस केलं तर चालेल?

चालेल, पण जागा महिनाभर आधी ठरवा. गणपतीत कोकणातली सेंटर्स भरलेली असतात. एचबीएसएजी (म्हणजेच ऑस्ट्रेलिया अँटिजेन), एचसीव्ही आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, अँटी-एचबीएसचा आकडा, इपो आणि लोहाचे शेवटचे डोस तारखेसह, हेपॅरिनचं प्रमाण आणि ड्राय वेट (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन), एवढं एका कागदावर लिहून घ्या. तिकडे लोहाचा जादा डोस देऊ नये, असं त्यावर डॉक्टरांकडूनच लिहून आणा, कारण नव्या सेंटरला तुमचा वर्षभराचा हिशेब माहीत नसतो. परतल्यावर आपल्या सेंटरला दुसरीकडे डायलिसिस झाल्याचं सांगा आणि बी-सीच्या तपासण्या पुन्हा करून घ्या. एचसीव्हीची अँटिबॉडी उशिरा बनते, त्यामुळे लगेच केलेली एकच तपासणी पुरत नाही. दोन-तीन महिन्यांनी आणखी एकदा करा.